सेल घ्यावा तोलून

दिल्लीला लहान आकडा सोसत नाही. लग्नाचे आमंत्रण पाचशेजणांना जाते आणि जेवायला आठशे येतात. गल्ली आठ फुटांची असली तरी गाडी सात फुटांची घेतली जाते, आणि घर कुठे आहे असे विचारले की पत्त्याच्या आधी 'गज' कळतात. मे 2024 मध्ये मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने 52.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. जगभर बातमी गेली. हवामान खात्याने नंतर तपासले, तेव्हा तिथला सेन्सर तीन अंश चढवून सांगत असल्याचे निघाले. ज्या शहरात तापमापकालाही मोह आवरत नाही, तिथे टॉर्चच्या सेलवर छापलेल्या आकड्याकडून सत्यवचनाची अपेक्षा ठेवणे जरा अन्यायाचेच.

तरीही ती ठेवावी लागते. कारण तापमापक खोटे बोलला तर माणूस फार तर जास्त घामेजतो. सेल खोटे बोलला तर पडदा पेटतो.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या पट्ट्यात मराठी माणूस नोकरीनिमित्त येतो, पंधराव्या मजल्यावर घर घेतो आणि पहिल्या उन्हाळ्यात टॉर्च शोधू लागतो. सोसायटीत जनरेटर असतो, हे खरे. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून एनसीआरमध्ये डिझेल जनरेटरवर निर्बंध आले. एक तर दुहेरी इंधनावर चालणारा हवा, नाही तर धूर रोखणारे यंत्र बसवलेला. तेव्हापासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जनरेटर हा विषय जातीय तेढीइतकाच नाजूक झाला आहे. 11 जून 2024 रोजी मंडोलाच्या उपकेंद्राला आग लागली आणि दिल्लीच्या बऱ्याच भागांतली वीज गेली, तीही भर दुपारी दोनच्या सुमारास. एनसीआरमधल्या समस्त टॉर्चधारकांना त्या दिवशी आपले शौर्य दाखवण्याची संधीच मिळाली नाही.

शिवाय डोंगर. सह्याद्री सुटल्याची हळहळ दिल्लीतला मराठी माणूस हिमाचलावर भागवतो. शुक्रवारी रात्री मजनू का टीलाहून व्होल्वो पकडायची, रविवारी रात्री परत निघायचे आणि सोमवारी मंत्रालयात डोळे मिटून फाइल वाचायची. या मोहिमेच्या सामानात टॉर्च अग्रभागी असते, आणि ती साधी चालत नाही.

साधी म्हणजे आजोबांची पितळी. एव्हरेडीची 'जीवनसाथी' कित्येक घरांत आजही कपाटावर आडवी पडलेली असते. आत तीन जाडजूड सेल, पुढे मिणमिणता पिवळा गोळा, आणि सेल संपल्यावर ते उन्हात ठेवून आणखी दोन दिवस चालवण्याची घरगुती विद्या. ते सेल फार फार तर पाझरायचे, पितळेवर पांढरट-हिरवा थर चढायचा आणि आजी नारळाच्या शेंडीने तो घासायची. त्या टॉर्चने चोर पकडल्याचे ऐकिवात नाही, पण तिने घर जाळल्याचेही नाही. आताची एलईडी टॉर्च तळहातात मावते, साडेतीन-चार हजार लुमेन फेकते आणि त्यासाठी तिच्या पोटात जो लिथियम-आयनचा सेल लागतो तो या सगळ्या प्रकरणातला खरा नायक किंवा खरा खलनायक. कोणता, ते तो कुठून घेतला यावर ठरते.

घ्यायला माणूस जातो लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमध्ये, किंवा त्याला लागूनच असलेल्या भगीरथ पॅलेसमध्ये. बेगम समरूची ही एके काळची हवेली. आज तिच्या खांबांपेक्षा तिच्यावरून गेलेल्या तारा जास्त दिसतात. नोव्हेंबर 2022 मध्ये इथे आग लागली आणि ती विझवायला अग्निशमन दलाला काही दिवस झगडावे लागले. त्यानंतर बाजार पुन्हा सुरूही झाल्याचे ऐकून परप्रांतीय थक्क होतो. दिल्लीकर होत नाही.

दुकानदार टॉर्च हातात देत नाही, आधी डोळ्यांवर मारतो. "दो किलोमीटर, भाईसाब." आता दोन किलोमीटर म्हणजे काय, याचेही शास्त्र आहे. 2009 पासून एएनएसआय या अमेरिकन मानक संस्थेचे 'एफएल-1' नावाचे मानक आहे. त्यात झोताचे अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो, म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका, तिथपर्यंतचे अंतर. या हिशेबाने दोन किलोमीटर गाठायला टॉर्चची तीव्रता दहा लाख कँडेला हवी. तेवढी तीव्रता असलेल्या टॉर्चला बऱ्यापैकी मोठी कटोरी लागते, ती खिशात मावत नाही. आणि मावली तरी जानेवारीत पालमला धुक्याने दृश्यता पन्नास मीटरवर येते तेव्हा हा झोत पुढे न जाता समोरच पांढऱ्या भिंतीसारखा उभा राहतो. हिवाळ्यातल्या दिल्लीत चार हजार लुमेनच्या टॉर्चचा एकमेव निर्विवाद उपयोग म्हणजे आपण काय श्वासात घेतो आहोत ते प्रत्यक्ष बघणे.

लुमेनचा आकडाही जपून वाचायचा. त्याच मानकाप्रमाणे उजेड मोजला जातो टॉर्च लावल्यावर तिसाव्या सेकंदाच्या आसपास. 'टर्बो' लावला की टॉर्च मिनिट-दोन मिनिटांत इस्त्रीसारखी तापते आणि स्वतःच प्रकाश निम्म्याखाली आणते. शेजाऱ्याला दाखवायला तीस सेकंद पुरतात, म्हणून या गोष्टीचा फारसा बभ्रा होत नाही.

आता सेल. या टॉर्चमध्ये चालणारा नेहमीचा सेल म्हणजे 18650. व्यास 18 मिलिमीटर, लांबी 65, आणि शेवटचे शून्य तो गोल दंडाकृती असल्याचे. थोरला भाऊ 21700. नाव ठेवताना इतका प्रामाणिकपणा दाखवणारी वस्तू बाजारात दुसरी नसेल, पण प्रामाणिकपणा नावापाशीच संपतो. दुकानदार गुलाबी, जांभळ्या, पोपटी आवरणांतले सेल काचेवर ओततो. एकावर 6800 एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचे माप), दुसऱ्यावर 8800, तिसऱ्यावर 9900. भाव सगळ्यांचा दोनशेच्या आत. नावांच्या शेवटी बहुधा 'फायर' असते. शुअरफायर ही टॉर्चची नामांकित अमेरिकन कंपनी. तिच्यानंतर अल्ट्राफायर, ट्रस्टफायर आले, आणि मग त्यांच्याही नकला निघाल्या. बॅटरीच्या नावातच आग असणे म्हणजे औषधाच्या बाटलीवर 'तेरावा' असे छापण्यासारखे आहे, पण गिऱ्हाइकाला ते वीररसाचे वाटते.

बरोबर आलेल्या बाईंनी अशा वेळी शोकेसच्या कोपऱ्यातला एक करडा, निरुत्साही सेल उचललेला असतो. त्यावर 3000 लिहिलेले असते आणि भाव दुप्पट-तिप्पट असतो.

"अहो, हा बघा."

"तीन हजार? अगं, त्या भावात नऊ हजार नऊशेवाले तीन येतात. म्हणजे जवळजवळ तीस हजार!"

गृहस्थ अर्थ खात्यात उपसचिव असतात. बाई शाळेत विज्ञान शिकवतात. या वादात कोण बरोबर, हे सांगायला हिशेब फार लागत नाही.

लिथियम-आयन सेल 1991 मध्ये सोनीने बाजारात आणला. तीन दशकांत जपानी आणि कोरियन कारखान्यांनी जीव तोडून काम केले, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना 2019 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि तरी नावाजलेल्या कारखान्यांचा 18650 साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच घुटमळतो. 3.6 व्होल्टने गुणले की साडेबारा वॉट-अवर. टेस्लाची पहिली मोटार, 2008 ची रोडस्टर, असे 6831 सेल पोटात घेऊन धावायची, आणि त्यातला प्रत्येक सेल सव्वादोन हजार एमएएचलाही भीतभीत पोचायचा. नऊ हजार नऊशेचा सेल खरा असता तर त्याच आकाराच्या पेटीत ती मोटार चौपटीहून अधिक पळाली असती. मग ती माणसे कॅलिफोर्नियात कशाला डोके फोडत बसली, चांदनी चौकात उतरून दोन पोती का नेली नाहीत, हा प्रश्न विचारल्यावर दुकानदार निरागसपणे म्हणतो, "उनको पता नहीं होगा, सर."

मग आत असते काय? कधी हजार-बाराशे एमएएचचा दुय्यम माल. कधी जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला, आयुष्याची संध्याकाळ गाठलेला सेल, नवे आवरण चढवून तरुण केलेला. कधी तर उघडल्यावर आत एक चिमुकला सेल आणि उरलेल्या जागेत पांढरी भुकटी सापडल्याची छायाचित्रे हौशी लोकांनी काढलेली आहेत. भुकटी भरायचे कारण वजन. रिकामा डबा हातात लगेच कळतो.

आणि इथेच दिल्लीकराच्या हाताशी एक सोय आहे. खऱ्या 18650 चे वजन साधारण 45 ते 49 ग्रॅम भरते, 21700 चे सत्तरच्या आसपास. बनावट माल पुष्कळदा तीस-पस्तीसवर अडकतो. लजपतराय मार्केटपासून चालत काही मिनिटांवर दरिबा कलाँ आहे, चांदीचा बाजार. तिथल्या सराफाकडे मिलिग्रॅमपर्यंत बोलणारा काटा असतो. पैंजणांच्या गर्दीत जाऊन "जरा हे तोलून द्या" म्हणत निळ्या आवरणाचा सेल पुढे केला तर सराफ आधी सेलकडे, मग माणसाकडे, मग दाराकडे पाहतो. पण तोलून देतो. तेहतीस ग्रॅम ऐकल्यावर चेहरा पडतो तो असा की, खोट निघालेल्या मंगळसूत्राचेच गिऱ्हाईक आले आहे असे शेजारच्या बाईंना वाटावे. घरी स्वयंपाकघरातला काटा असेल तर एवढी शोभा करून घ्यायची गरज नाही.

वजन बरोबर आले म्हणजे सेल चांगला ठरत नाही, एवढे मात्र लक्षात ठेवायचे. नापास झालेला निश्चित वाईट, पास झालेल्याची पुढची परीक्षा बाकी. ती परीक्षा कागदावरची. रिचार्ज होणारे सेल आपल्याकडे सक्तीच्या नोंदणीखाली येतात, मानक आयएस 16046, आणि सेलवर किंवा वेष्टनावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' या अॅपमध्ये टाकला की कोणत्या कारखान्याचा, कोणत्या मालाचा ते दिसते. ब्युरोचे मुख्यालय मानक भवन बहादूरशाह जफर मार्गावर आहे. तिथून आयटीओला मेट्रोत बसले की दिल्ली गेट, जामा मस्जिद आणि तिसरे स्टेशन लाल किला. मानक आणि 9900 एमएएच यांच्यात अंतर आहे ते एवढेच, एका तिकिटाचे. दुकानात क्रमांक विचारला तर उत्तर मिळते, "नंबर डिब्बे पे था." डबा कुठे आहे? "डिब्बा तो थोक में आता है."

करड्या सेलवाल्या बाईंचा मुद्दा यापुढचा आहे, आणि तो जास्त मोलाचा. सेलच्या दोन गोष्टी बघायच्या असतात. एक, त्यात एकूण किती भरले आहे. दुसरी, ते किती वेगाने बाहेर देता येते. पंगतीत भात हंडाभर शिजलेला असला तरी वाढपी दोनच असतील तर शेवटच्या पानाला लोणचे चाटत बसावे लागते. साडेतीन हजार लुमेनच्या टॉर्चला तीस-पस्तीस वॉट लागतात, म्हणजे एकाच सेलवर चालणारी असेल तर नऊ-दहा अँपिअर. आता सॅमसंगचेच तीन सेल घेऊ. 35ई हा 3500 एमएएचचा, सलग 8 अँपिअर देणारा. 30क्यू हा 3000 चा, 15 अँपिअर देतो. 25आर हा 2500 चा, 20 अँपिअर. आकडा उतरत जातो तशी ताकद चढत जाते. पहिला सेल या टॉर्चला घातला तर तो कण्हतो, तापतो, लवकर म्हातारा होतो. दुसरा निमूटपणे काम करतो. 21700 मध्येही तेच: तैवानच्या मोलिसेलचा पी42ए 4200 एमएएचचा आहे, पण 45 अँपिअरपर्यंत जातो. जोरकस टॉर्चला थोडा कमी आकड्याचा सेल अधिक सुरक्षित, हे वाक्य दिल्लीत मोठ्याने उच्चारायला धैर्य लागते.

बाईंनी ते उच्चारले. उपसचिव म्हणाले, "फाइलवर घेऊ."

कमी जोराची टॉर्च पुरणार असेल, म्हणजे जिन्यात, बाल्कनीत, वीजमीटर बघायला, तर लिथियमच्या वाटेला जाऊच नये. साध्या पेन्सिल सेलच्या आकाराचे निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल मिळतात, 1.2 व्होल्टचे. 2005 मध्ये सान्योने एनेलूप काढल्यापासून त्यांचा महिनोन्‌महिने पडून आपोआप उतरण्याचा जुना दोषही बराच गेला. ते पेटत नाहीत म्हटले तरी चालेल. पण त्यांच्यावर चालणारी टॉर्च शेजाऱ्याच्या डोळ्यांवर मारून काही होत नाही, त्यामुळे मागणी कमी.

लिथियमचे भय कशाचे, तेही सांगायला हवे. आतला द्रव ज्वालाग्राही. धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये प्लॅस्टिकचा अगदी पातळ पडदा. 130 अंशांच्या आसपास तो वितळू लागतो, पट्ट्या भिडतात, उष्णता आणखी वाढते, आणि मग सेल कोणाचे ऐकत नाही. चांगल्या कारखान्याचा सेल आधीच वायू सोडून मोकळा होतो, आत प्रवाह तोडणारी चकती असते. पण टॉर्च जलरोधक असते ना. रबरी कड्यांनी दोन्ही टोके गच्च. 'पाण्यात बुडवली तरी चालेल' या अभिमानास्पद गुणाचा दुसरा अर्थ, आतला वायू बाहेर यायला फट नाही. म्हणूनच दोन सेल एकामागे एक लावायच्या टॉर्चमध्ये एक नवा आणि एक जुना घालणे हा सगळ्यांत वाईट उद्योग. कमकुवत सेल आधी रिता होतो, दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो आणि रिता सेल उलटा चार्ज होऊ लागतो. जोडी एकदम घ्यावी, एकदम वापरावी, एकदम निवृत्त करावी. मराठी घरात नवे-जुने सेल मिसळून रिमोट चालवण्याची जी पिढीजात काटकसर आहे, ती इथे सक्तीने बंद.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. 2006 मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या एक्केचाळीस लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. 2013 मध्ये बोइंगची सगळी ड्रीमलायनर विमाने बॅटरीपायी जमिनीवर बसवली गेली, एअर इंडियाचीही. जिथे हजार डोळे पहारा देतात तिथे हे होते, तर 'थोक में आता है' या गोटातून काय येत असेल?

चार्जरबद्दल थोडक्यात. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब 4.2 व्होल्ट. चांगला चार्जर तिथे पोचून प्रवाह कमी करत थांबतो. दोन काळ्या चिमट्यांचा, थेट भिंतीत खोचायचा स्वस्त चार्जर लाल दिवा हिरवा करतो आणि भरतच राहतो, कारण बंद करण्याचे काम त्याला कोणी सांगितलेले नसते. सेल गादीवर, उशीखाली, परीक्षेच्या नोट्सवर ठेवून भरू नये. फरशीवर, जागे असताना भरावा. 45 अंशांवर आणि शून्याखाली भरूच नये. म्हणजे जूनमध्ये गुरुग्रामच्या बाल्कनीत आणि जानेवारीत केदारकंठाच्या तंबूत, दोन्हीकडे बंदी. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च ठेवणाऱ्यांना तर मुंगेशपूरच्या सेन्सरचीही गरज नाही.

आणि खिसा. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नये. सेलचे सगळे अंग ऋण असते, फक्त वरची टिकली धन, आणि मध्ये प्लॅस्टिकची एक पातळ कडी. आवरण जरा फाटले आणि किल्ली आडवी पडली की चावडी बाजारच्या गर्दीत माणूस एकदम भांगडा करू लागतो. प्लॅस्टिकची डबी चार पैशांत मिळते. आवरण फाटलेला, फुगलेला, पडून चेपलेला सेल ओल्या कचऱ्यातही टाकू नये आणि सुक्यातही. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. कचऱ्याच्या गाडीत तो दबला तर गाडीच्या पोटात धूर निघतो. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्याच्या केंद्रात द्यावा. भंगारवाल्याला दिला तर तो सीलमपूरच्या भंगार बाजाराच्या वाटेला लागतो.

शेवटी उपसचिवांनी 30क्यू घेतले, बिलासकट, दोन. गणपतीला पुण्याला जायचे होते. विमानात सुटे लिथियम सेल चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातात न्यावे लागतात, टोके झाकून. ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेले विमान जमिनीवरच परत फिरले, कारण एका प्रवाशाच्या पॉवर बँकेने सीटच्या खिशात पेट घेतला होता. सामानाच्या पोटात तेच घडले असते तर कोणाला दिसलेही नसते. शंभर वॉट-अवरपर्यंत परवानगी, शंभर ते एकशेसाठ विमान कंपनीला विचारून, त्यापुढे नाही. उपसचिवांचे दोन सेल मिळून वीस-बावीस वॉट-अवर. सुरक्षा तपासणीतल्या जवानाने डबी उघडली, पाहिली, बंद केली.

त्यांच्या पुढच्या रांगेतल्या तरुणाकडे मात्र पॉवर बँक होती, पालिका बाजारातून घेतलेली, वर ठसठशीत 50000 एमएएच छापलेले. जवानाने 3.7 ने गुणले. एकशेपंच्याऐंशी वॉट-अवर. वस्तू बाजूच्या डब्यात गेली. तरुण हात जोडून सांगत होता की सर, ती खोटी आहे, फोन एकदासुद्धा पुरता भरत नाही, आत दहा हजारसुद्धा नसतील. जवान म्हणाला, "जो लिखा है, वही माना जाएगा."